साध्या चेहऱ्याची शिकवणी

नाशिक रोड,
रविवार, दुपार

प्रिय संजना,

सप्रेम जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस, माझी तब्येत चांगली आहे. बीपीची गोळी रोज घेतो, दोन वेळा जेवतो, संध्याकाळी बिटको चौकापर्यंत पायी जाऊन येतो. हे आधीच सांगून टाकलं, कारण फोनवर आपण एवढंच बोलतो. "जेवलात का बाबा?" "जेवलो." "गोळी?" "घेतली." मग तू थांबतेस, मी थांबतो, आणि दोघांपैकी कोणीतरी "बरं मग" म्हणतं. आपल्याला सवयच नाही गं. तुझी आई होती तोवर फोन तिचा असायचा. ओट्याला टेकून ती तुझ्याशी पाऊण पाऊण तास बोलायची आणि शेवटी पदराने फोन पुसून माझ्या हातात द्यायची, "घ्या, लेकीशी बोला." तोवर बोलण्यासारखं सगळं बोलून झालेलं असायचं. मी आपला तुला बंगळुरूचा पाऊस विचारायचो. तुझी खरी खबर मला ती जेवताना द्यायची, भाजी वाढता वाढता. तिला जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. तेव्हापासून जेवताना ताटात फक्त भाजी असते. म्हणून आज कागद घेऊन बसलो. कागदावर मधेच कोणी "बरं मग" म्हणत नाही.

तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. तुझ्या आईचा फोन मी बंद केला नाही. रेडिओशेजारी असतो, रोज चार्ज करतो, आणि का करतो ते मलाही नीट सांगता येणार नाही. तर मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी चहा गाळत होतो आणि तो फोन टिंग करून वाजला. चहा ओट्यावर सांडला. गेलेल्या माणसाचा फोन वाजला की क्षणभर आपण वेडे होतो, मीही झालो. बघतो तर पडद्यावर तुझा फोटो आणि खाली 'साधा चेहरा'चा नवीन व्हिडिओ आल्याची सूचना. तुझ्या आईने तुझ्या चॅनेलची घंटी दाबून ठेवली होती, ती वाजत होती. तू चेहऱ्याबद्दल काहीतरी सांगतेस एवढं मला माहीत होतं. पण मला वाटायचं, त्या लिपस्टिक विकणाऱ्या मुली असतात तसं काहीतरी असेल, त्यात बापाने कशाला डोकवायचं. त्या दिवशी डोकावलो.

तू तुझ्या बाथरूमच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या एका टोपलीत भरत होतीस. किती त्या बाटल्या, नावं मला वाचताही येईनात. आणि म्हणालीस, "यातलं मी आता काही वापरत नाही. पाणी, मसुराचं पीठ आणि थेंबभर खोबरेल. चेहऱ्याच्या फार मागे लागायचं नाही." मग मसुराचं पीठ दुधात कालवून तू चेहऱ्याला लावलंस आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणालीस, "आता लेप वाळेपर्यंत माझ्याजवळ बसा. बोलायचं नाही, हसायचं नाही. नुसतं बसा." आणि तू खरंच बसलीस. डोळे मिटून, गप्प. शेजारच्या कौसरभाभी म्हणतात, लोक तो भाग पुढे ढकलतात. मी ढकलला नाही. खुर्ची ओढली आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून तुझ्यासमोर बसलो. संजना, तुझी आई गेल्यापासून माझ्याजवळ एवढा वेळ कोणी बसलं नव्हतं.

तेव्हापासून मी तुझी शिकवणी लावली म्हण ना. जुने सगळे व्हिडिओ पाहून काढले. कोरफडीचा पिवळा चीक आधी निथळू द्यायचा, लिंबू चेहऱ्यावर चोळायचं नाही, तेल खालून वर लावायचं आणि हात हलका ठेवायचा, उन्हात जाताना क्रीम नसेल तर टोपी तरी घालायची, सगळं पाठ आहे. माझ्या कातडीची दशा तुला माहीतच आहे. तीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राख विभागात काढली. पाळी संपवून घरी यायचो तेव्हा भुवयांपासून पायांच्या नखांपर्यंत एकच रंग असायचा. तू दारात उभी असायचीस आणि माझ्या हातावर बोटाने 'सं' काढायचीस, तो स्पष्ट उमटायचा. मग तुझी आई तुला बाजूला करून मला मोरीत ढकलायची. कपड्याचा साबण, अंगाचा साबण असला भेद मी कधी केला नाही, जो हाताला लागेल तो घासायचो. थंडीत गालांना भेगा पडायच्या. चेहऱ्याला साबण लावायचा नसतो हे मला चौसष्टाव्या वर्षी लेकीकडून कळलं.

पहिल्या दिवशी मसूर मिक्सरला लावला आणि झाकण नीट बसवायला विसरलो. ते पीठ अजून कुठे कुठे सापडतं. पण लेप लावला. तुझ्यासमोर डोळे मिटून बसलोय आणि नेमक्या तेव्हाच कौसरभाभी लोणच्याची वाटी घेऊन आत आल्या. दार उघडंच होतं. "या अल्लाह! भाईसाब, इस उमर में हळद?" म्हणाल्या आणि हसत सुटल्या. मला हसता येईना, लेप वाळलेला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाच्या घरात काय बोललो, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग त्याच हळूच म्हणाल्या, "यशोदाभाभी असत्या ना, तर फोटो काढून संजनाला पाठवला असता." मी तोंड धुऊन आलो तोवर त्यांनी ओटा पुसून ठेवला होता. त्यांनाही तुझा चॅनेल दाखवला. त्या आता फक्त गुलाबपाणी लावतात आणि सलाउद्दीनभाईंना काही फरक दिसत नाही म्हणून कुरकुरतात.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. दाढी मला घरी करता येते, आयुष्यभर केली. पण तुझी आई गेल्यापासून मी रावजीकडे जाऊन करून घेतो, आठवड्यातून दोनदा. स्टेशनच्या रस्त्यावरचं त्याचं जुनं दुकान तुला आठवत असेल. तो एका हाताने गाल धरतो, दुसऱ्या हाताने वस्तरा चालवतो, मग ओल्या टॉवेलने चेहरा दाबून पुसतो. तेवढ्या वेळात माझ्या चेहऱ्याला माणसाचा हात लागतो. त्यासाठी जातो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या व्हिडिओमुळे मला स्वतःलाच कळलं. तू एकदा म्हणालीस, "चेहऱ्याला रोज प्रेमाने हात लागला की निम्मं काम झालं, मग लावा काहीही." मी फोन थांबवला आणि परत ऐकलं. परवा रावजी म्हणाला, "साहेब, कातडी मऊ झाली तुमची, काय लावता?" मी म्हटलं, लेक सांगते ते लावतो. त्याला वाटलं तू डॉक्टर आहेस. मी काही सुधारलं नाही.

एकदा चूक होता होता राहिली. व्हिडिओखाली बदाम असतो ना, तो माझ्याकडून दाबला गेला. लाल झाला, मला बरंही वाटलं. मग डोक्यात आलं की फोन तुझ्या आईचा, म्हणजे तुला तिथे 'यशोदा पगारे' असं दिसणार. तू कुठेतरी ऑफिसात बसलेली असशील आणि आईच्या नावाने बदाम आलेला बघशील. घाईघाईने परत दाबून तो पांढरा केला. तू पाहिलास की नाही, मला माहीत नाही. पाहिला असशील तर आज सांगतो, तो मी होतो. प्रत्येक व्हिडिओला मी असतो.

तुझ्या आईबद्दल मात्र तुझी एक दुरुस्ती करायची आहे. तू सांगितलंस की माझ्या आईने आयुष्यात चेहऱ्याला पाण्याशिवाय काही लावलं नाही. असं नाही गं. साड्यांच्या मागे तिची एक बाटली असायची, ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याची. दर वर्षी थंडी सुरू झाली की मीच मेडिकलमधून आणायचो. दुपारी तू शाळेत गेलीस की ती आरशासमोर बसून हळूहळू लावायची, आणि माझी रात्रपाळी असली की मी कॉटवर पडल्या पडल्या बघायचो. तिला वाटायचं मी झोपलोय. चौदा एप्रिलला पांढरी साडी, काजळ आणि चिमूटभर पावडर. पावडर तिच्या सावळ्या रंगावर राखेसारखी दिसायची आणि ती स्वतःच हसायची, "मीपण एकलहऱ्याहून आले वाटतं." हे तू व्हिडिओत सांगू नकोस, तिला आवडणार नाही. पण तुला माहीत असावं. तिची ही असली माणसासारखी बाजू आठवणारा आता मी एकटाच उरलोय, आणि घरात कोणाला सांगायची सोय नाही.

आता ज्याच्यासाठी एवढी लांबण लावली तिकडे येतो.

दिवाळीनंतर तुझ्या व्हिडिओतली भिंत बदलली. आधी पांढऱ्या फरशा आणि खिडकीत मनीप्लांट असायचा. आता फिकट हिरवी भिंत आली, वर ट्यूबलाईट. मला वाटलं, तुम्ही घराला रंग दिला. मग तू बेसिनऐवजी बादलीतून मगाने तोंड धुताना दिसलीस, आणि मागे लोखंडी कॉटची कड दिसली, वर दोरीवर कोणाकोणाचे कपडे. मला वाटलं, नवीन धर्तीचा व्हिडिओ असेल, साधेपणा दाखवायला. माणूस स्वतःला काहीही समजावतो. मग एका रविवारी फोनवर मी जावई काय करतायत, वाल्मीकराव घरी आहेत का, असं विचारलं तर तू म्हणालीस, "ऑफिसला गेलाय." मी "बरं" म्हटलं. रविवार होता हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आणि तुलाही फोन ठेवल्यावरच आलं असेल.

गेल्या मंगळवारी दुपारी वाल्मीकरावांचा फोन आला. त्यांनी कधी आपणहून केलेला हा बहुतेक पहिलाच. तब्येत विचारली, थोडं थांबले आणि म्हणाले, "बाबा, संजना माझा फोन घेत नाही, म्हणून तुम्हाला केला. ती निघताना थंडीचे कपडे इथेच राहिलेत. नाशिकला आता गारठा असेल. तुमच्याकडे पाठवून देऊ का?"

संजना, म्हणजे तू त्यांना नाशिकला जाते म्हणून सांगून निघालीस. दिवाळी होताच निघालीस. आणि इथे आली नाहीस. एवढे दिवस मी तुला समोर बघत होतो, तुझ्याबरोबर लेप लावून बसत होतो, आणि तू त्या हिरव्या भिंतीच्या खोलीत एकटी होतीस. वाल्मीकराव तुझे व्हिडिओ बघत नसावेत. बघितले असते तर भिंत त्यांनाही दिसली असती. त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. एवढं मी त्यांच्या बाजूने सांगतो, बाकी तुमच्यात काय झालं ते तुम्हाला माहीत. मी म्हटलं, "हो, द्या पाठवून." त्यांनी विचारलं, "ती आहे का जवळ? झोपलीय का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. आत झोपलीय."

फोन ठेवला आणि आतल्या खोलीत गेलो. तू तिथे नाहीस हे मला माहीत होतं, तरी गेलो.

परवा खोकं आलं. कुरिअरवाल्याने विचारलं, संजना पगारे इथेच राहतात का, मी हो म्हटलं आणि सही केली. खोकं उघडलेलं नाही, तुझ्या कॉटवर ठेवलंय. आणि काल सकाळी पुन्हा टिंग झालं. या वेळी तू पीठ, तेल, काहीच घेतलं नव्हतंस. म्हणालीस, "आज काही लावायचं नाही. पाण्याने तोंड धुवा आणि माझ्याजवळ बसा." आणि डोळे मिटून बसलीस. खाली लोकांनी लिहिलंय, किती नॅचरल ग्लो, ताई तुमचं सिक्रेट सांगा, त्वचा काचेसारखी दिसतेय. वाचून मला त्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, नीट बघा. तू लहान असताना मोरीचं दार लावून रडायचीस आणि तोंड धुऊन, जणू काही झालं नाही अशी बाहेर यायचीस. नाकाचा शेंडा आणि पापण्यांच्या कडा तेवढ्या लाल असायच्या आणि गाल असे चमकायचे. तुझी आई मला डोळ्यांनी खुणावायची, काही विचारू नका. मग ती तुला शेजारी घेऊन भाकरी थापायला बसायची, बस्स. रडून धुतलेला तुझा चेहरा हजार लोकांनी पाहिला असेल, पण ओळखणारा त्यांच्यात मी एकटा होतो. आणि मी साखरेच्या डब्यासमोर बसलेला, तुला हात लावता येत नव्हता.

तू इथे का आली नाहीस, यावर मी दोन दिवस विचार केला. रागावलो नाही. मला वाटतं तू आईच्या घरी यायला निघाली असशील, आणि मग आठवलं असेल की तिथे आता फक्त बाबा आहेत. बाबांना काय सांगायचं, ते काय विचारतील, ते विचारणारच नाहीत आणि नुसते समोर बसतील, तेही कसं सोसायचं. खरं आहे. मला तुझ्या आईसारखं बोलता येत नाही. पण नुसतं बसता येतं. ते मी तुझ्याकडूनच शिकलोय, एकही व्हिडिओ पुढे न ढकलता.

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. आईने तुला तिकडे दिवाळीचा चिवडा पाठवला होता, तो पत्ता तिच्या अक्षरात कॅलेंडरवर होता. राहतेस कुठे ते मला माहीत नाही, आणि ते मी कोणाकडून काढूनही घेतलेलं नाही. तुला सुट्टी मिळाली की ये. कायमची ये, चार दिवसांसाठी ये, परत जायचं ठरवून ये, कसंही. गाडी कळवलीस तर स्टेशनवर येईन, नाही कळवलीस तर किल्ली कौसरभाभींकडे असते आणि त्या काही विचारणार नाहीत, त्यांना मी दम भरून ठेवलाय. गरम पाणी, स्वच्छ चादर आणि गुरुवारी आणलेली ज्वारी घरात आहे. व्हिडिओ करायचे असतील तर मोरीची भिंत परवाच चुना मारून घेतली. नसतील करायचे तर कोणाला चेहरा दाखवायची गरज नाही.

वाल्मीकरावांचा पुन्हा फोन येईल. आल्यावर त्यांच्याशी काय बोलायचं, बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव. माझी अडचण एवढीच आहे की मला खोटं बोलता येत नाही, दुसऱ्यांदा तर नाहीच. आत झोपलीय म्हणून सांगून बसलोय, संजना. ये आणि झोप.

तुझाच,
बाबा